विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा आणि माशाचा श्वास : उल्हास व वालधुनी या नद्यांच्या संदर्भात एक परीक्षण

जलचर प्राण्यांच्या श्वसनासंबंधी दोन विधाने इतक्या वेळा उच्चारली जातात की, त्यांची तपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. पहिले विधान प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील आहे : मासे कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. दुसरे नदीच्या पाण्याची प्रतवारी ठरविणाऱ्या कोष्टकातील आहे : दर लिटरास ४ मिलिग्रॅम अथवा त्याहून अधिक प्राणवायू असेल, तर ते पाणी वन्यजीव व मत्स्यजीवन यांस योग्य होय. पहिले विधान खरे आहे, पण अपुरे आहे. आणि दुसऱ्या विधानाचा जो उपयोग व्यवहारात केला जातो तो नेमका पहिल्याच्या अपुरेपणावर उभा आहे. बदलापुरावरून कल्याणकडे जाणारी उल्हास आणि अंबरनाथ-उल्हासनगर या दोन शहरांमधून वाहणारी वालधुनी या नद्यांच्या बाबतीत हा अपुरेपणा केवळ अध्यापनाचा दोष राहत नाही. नदी जिवंत आहे की नाही याचा निर्णयच त्यावर अवलंबून असतो.

प्रथम परिमाणाचा प्रश्न. 'दर लिटरास इतके मिलिग्रॅम' हे परिमाण पाण्यात किती प्राणवायू साठला आहे ते सांगते. परंतु वायू एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो तो साठ्यामुळे नव्हे, तर दाबातील फरकामुळे. हेन्रीने १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण त्या वायूच्या आंशिक दाबाच्या प्रमाणात असते. मात्र या दोहोंना जोडणारी विद्राव्यता तपमानाबरोबर बदलते. २० अंश सेल्सिअसला हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात दर लिटरास सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू असतो, ३० अंशांस सुमारे ७.५. या दोन्ही पाण्यांतील प्राणवायूचा आंशिक दाब मात्र जवळजवळ सारखाच, म्हणजे पाऱ्याच्या १५२ ते १५६ मिलिमीटरांच्या घरात असतो. यावरून 'उष्ण पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून मासा गुदमरतो' हे लोकप्रिय स्पष्टीकरण तितकेसे बरोबर नाही, हे उघड होईल. कल्ल्यातून रक्तात प्राणवायू ढकलणारा दाब उष्ण पाण्यातही तितकाच आहे. कमी झाली आहे ती प्रत्येक घोटाबरोबर येणाऱ्या प्राणवायूची राशी, आणि वाढली आहे ती माशाची गरज. बहुतेक मत्स्यजातींत तपमान १० अंशांनी वाढले की चयापचयाचा वेग सुमारे दुप्पट होतो.

हा भेद पांडित्यपूर्ण काथ्याकूट नाही, हे एका साध्या हिशेबाने ध्यानात येते. समजा, एखाद्या माशास २० अंश तपमानात ताशी १० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो आणि कल्ल्यांवरून जाणाऱ्या पाण्यातील ८० टक्के प्राणवायू तो काढून घेतो. संपृक्त पाण्यात त्यास ताशी सुमारे १.४ लिटर पाणी कल्ल्यांवरून न्यावे लागेल. तोच मासा ३० अंशांच्या संपृक्त पाण्यात असेल, तर गरज २० मिलिग्रॅम झाल्याने त्यास ३.३ लिटर पाणी न्यावे लागेल. आता पाण्यातील प्राणवायू ४ मिलिग्रॅमवर, म्हणजे कोष्टकाने 'योग्य' ठरविलेल्या मर्यादेवर आणावा. पाणी जितके वेगाने न्यावे तितका त्याचा कल्ल्याशी सहवास कमी, आणि म्हणून काढून घेतलेला वाटाही कमी. तो वाटा ५० टक्क्यांवर आला असे धरल्यास ताशी १० लिटर पाणी लागते. थंड, संपृक्त पाण्याच्या मानाने हे सातपट श्रम झाले. आणि पाणी ओढण्यास लागणारी शक्ती प्रवाहाच्या सरळ प्रमाणात न वाढता त्याहून अधिक वेगाने वाढते हे लक्षात घेता प्रत्यक्षातील भार याहूनही मोठा असणार. वसंत व ग्रीष्म ऋतूंत ठाणे जिल्ह्यातील उथळ नदीपात्राचे पाणी ३० अंशांवर जाणे ही नित्याची बाब आहे. मग थंड नदीतील ४ मिलिग्रॅम आणि बदलापूरच्या वैशाखातील ४ मिलिग्रॅम एकाच मापाने मोजण्यात कोणते शास्त्र आहे?

पाणी हे श्वसनाचे माध्यम म्हणून किती जड आहे, याची कल्पना विद्यार्थ्यांना क्वचितच दिली जाते. ३० अंशांच्या संपृक्त पाण्यातून १ ग्रॅम प्राणवायू मिळवावयाचा, तर सुमारे १३३ लिटर, अर्थात् १३३ किलोग्रॅम पाण्यातील सर्वच्या सर्व प्राणवायू काढावा लागेल. हवेतून तेवढाच प्राणवायू मिळविण्यास ४.३ ग्रॅम हवा पुरते. पाण्याची श्यानता हवेच्या पन्नासपट व घनता सुमारे आठशेपट असल्याने हे ओझे आत ओढून थांबविणे आणि उलट्या दिशेने बाहेर टाकणे माशास परवडण्यासारखे नाही. त्यामुळेच माशाच्या श्वसनात पाणी एकाच दिशेने वाहते. मुखपोकळी आणि प्रच्छदाखालील पोकळी हे दोन पंप किंचित अंतराने चालून कल्ल्यांवरील प्रवाह जवळजवळ अखंड ठेवतात, हे ह्यूझ आणि शेल्टन यांनी १९५८ मध्ये दाखविले. पाणी आणि रक्त विरुद्ध दिशांनी वाहतात याचे महत्त्व तर हॅझेलहॉफ व एव्हनहाउस यांच्या १९५२ च्या प्रयोगाइतके दुसऱ्या कशानेही ठसत नाही. टेंच या माशाच्या कल्ल्यांवरून त्यांनी पाणी उलट्या दिशेने सोडले, तेव्हा काढून घेतल्या जाणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण ५१ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर घसरले. पाणी तेच, त्यातील प्राणवायूही तोच. बदलली ती केवळ प्रवाहाची दिशा.

येथवर पाहिलेल्या गोष्टी एका सूत्रात बसविता येतात. फिक याने १८५५ मध्ये विसरणाचा जो नियम सांगितला आणि ऑगस्ट क्रोघ याने १९१९ मध्ये प्राण्यांच्या ऊतकांसाठी ज्याचे स्थिरांक मोजले, त्यानुसार पटलातून जाणाऱ्या वायूची राशी चार गोष्टींवर ठरते : पटलाचे क्षेत्रफळ, त्याच्या दोन बाजूंच्या दाबांतील फरक, त्या ऊतकाचा विसरण-स्थिरांक आणि पटलाची जाडी. पहिल्या तिहींच्या सम प्रमाणात ती राशी वाढते, चौथ्याच्या व्यस्त प्रमाणात घटते. विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा या चारांपैकी फक्त दाबाशी संबंधित आहे, आणि तोही फरकाच्या एकाच बाजूशी. पलीकडे रक्तातील दाब किती आहे, पटल किती जाड झाले आहे, त्याचा किती भाग कामाचा उरला आहे, यांविषयी तो अक्षरही बोलत नाही. चार पदांच्या सूत्रातील अर्धे पद मोजून उत्तर जाहीर करावे, तसा हा प्रकार आहे.

अंबरनाथ-उल्हासनगरच्या बाबतीत ही उणीव का भोवते? विसरण हे अत्यंत लहान अंतरावर फार जलद आणि थोड्याच मोठ्या अंतरावर फार मंद असते. प्राणवायूला पाण्यातून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके अंतर कापण्यास सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतो. एक मिलिमीटरला चार मिनिटे लागतात, एक सेंटिमीटरला सुमारे सात तास, आणि एक मीटरला काही वर्षे. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट, असा हा हिशेब आहे. माशाच्या कल्ल्याचे पटल एका मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांइतकेच जाड असते आणि दोन पटलिकांमधील फटीही सूक्ष्म असतात, त्या याच कारणाने. आता जस्त, तांबे यांसारख्या धातूंचे क्षार अथवा आम्लयुक्त सांडपाणी या पटलावर आले, तर कल्ला बचावासाठी श्लेष्मा स्रवतो, ऊतक सुजते, पटलिका एकमेकींस चिकटतात. जाडी वाढते, क्षेत्रफळ घटते. पाण्याच्या बाटलीत ६ मिलिग्रॅम प्राणवायू मोजला जात असताना मासा गुदमरू शकतो. शस्त्रास्त्रांचा कारखाना, आगपेट्यांचा जुना कारखाना आणि त्यांच्या मागोमाग उभी राहिलेली रासायनिक व धातुकामाची औद्योगिक वसाहत असा इतिहास असलेल्या अंबरनाथच्या खालच्या बाजूस या दोन पदांची उपेक्षा करणे म्हणजे प्रश्नच बाजूस सारणे होय.

उल्हासनगरची गोष्ट थोडी निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या जागी, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीतून १९४९ मध्ये हे शहर नावारूपास आले. पुढे तेथे वाढलेल्या अनेक छोट्या धंद्यांपैकी जीन्सच्या कापडाची रंगाई व धुलाई हा एक. अशा धुलाईच्या पाण्यात रंगद्रव्याइतकीच महत्त्वाची असतात ती पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये. प्राणवायूच्या आकड्यावर त्यांचा थेट परिणाम दिसेलच असे नाही. पण पाण्याचा पृष्ठभाग हेच ज्यांच्या श्वसनाचे साधन आहे, अशा प्राण्यांवर तो तत्काळ होतो. डासाची अळी शेपटीकडील नळी पृष्ठभागास लावून लोंबकळते, ती पृष्ठताणाच्या आधारावर. उलटा पोहणारा जलढेकूण पोटाकडील केसांमध्ये हवेचा बुडबुडा धरून खाली जातो. हे केस पाण्याने भिजत नाहीत म्हणूनच बुडबुडा टिकतो. पृष्ठताण उतरला की केस भिजतात आणि कीटक बुडून मरतो.

या बुडबुड्याचे पदार्थविज्ञान विलक्षण सुंदर आहे, आणि पाठ्यपुस्तके त्यास एका ओळीत उरकतात. बुडबुडा म्हणजे बरोबर नेलेली शिदोरी, असे समजले जाई. डेन्मार्कमधील एगे याने १९१५ मध्ये दाखविले की, शुद्ध प्राणवायूचा बुडबुडा घेऊन गेलेला कीटक साध्या हवेचा बुडबुडा घेतलेल्यापेक्षा लवकर गुदमरतो. वरकरणी हे उलटेच वाटते. याचे कारण असे की, कीटकाने बुडबुड्यातील प्राणवायू वापरला की तेथील दाब पाण्यातील दाबाहून कमी होतो, आणि पाण्यातून प्राणवायू आत येऊ लागतो. बुडबुडा अशा रीतीने कल्ल्याचे काम करतो. नत्रवायू स्वतः श्वसनास निरुपयोगी, पण त्याची विद्राव्यता कमी असल्याने तो सावकाश निसटतो आणि तोवर बुडबुड्याचा आकार सांभाळतो. शुद्ध प्राणवायूच्या बुडबुड्यात हा आधारस्तंभ नसल्याने तो झपाट्याने आक्रसतो. साठा मोठा पण यंत्र मोडलेले, अशी ती अवस्था. प्राणवायूच्या साठ्यावरून श्वसनाचा निवाडा करू नये, यास याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

दाबाच्या पदाकडे पुन्हा वळावयास हवे, कारण त्याची दुसरी बाजूही नदीच बिघडवीत असते. पाण्यातील श्वसनाचा एक लाभ असा की, कार्बन डायऑक्साइड पाण्यात प्राणवायूच्या सुमारे २८ पट विरघळतो. त्यामुळे कल्ल्यावरील पाण्यातील प्राणवायूचा दाब १०० मिलिमीटरांनी उतरला, तरी कार्बन डायऑक्साइडचा दाब ३-४ मिलिमीटरांनीच चढतो. माशाच्या रक्तात या वायूचा दाब आपल्या रक्ताच्या मानाने फारच थोडा असतो तो यामुळे. परंतु मैल्याच्या विघटनाने पाण्यातच हा वायू साचला, तर तो बाहेर टाकण्याची वाट अडते आणि रक्तातील त्याचा दाब चढतो. बोर, हॅसेलबाल्ख व क्रोघ यांनी १९०४ मध्ये सांगितलेल्या परिणामानुसार अशा वेळी हीमोग्लोबिनची प्राणवायू धरण्याची ताकद कमी होते. रूट याने १९३१ मध्ये दाखविल्याप्रमाणे कित्येक माशांत तर पूर्ण दाब असूनही रक्त प्राणवायूने भरत नाही. क्रोघ व लाइच यांनी १९१९ मध्ये कार्प, ईल यांच्या रक्ताची ट्राउट, कॉड यांच्या रक्ताशी तुलना करून साचलेल्या पाण्यातील मासे कमी दाबावर रक्त भरून घेण्यास कसे सरावलेले असतात ते दाखविले होते. ही सवय त्या त्या जातीचा गुण आहे. सर्व मत्स्यजातींसाठी एकच ४ चा आकडा लावताना तिचा विचार करावयास जागाच उरत नाही.

यापेक्षाही गंभीर आक्षेप अमोनियासंबंधी आहे. माशाचे नायट्रोजनयुक्त उत्सर्ग बहुतांशी अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटेच बाहेर पडतात, आणि त्यासही दाबातील फरकाचाच नियम लागू आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीतील 'ड' वर्गात, म्हणजे मत्स्यजीवनाच्या वर्गात, मुक्त अमोनियाची मर्यादा दर लिटरास १.२ मिलिग्रॅम (नायट्रोजन म्हणून) आहे. युरोपातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायासाठी सुचविली गेलेली मर्यादा ०.०२५ मिलिग्रॅम आहे. उष्ण प्रदेशातील मासे कितीही काटक मानले, तरी पन्नासपटींच्या आसपास असलेले हे अंतर कोणत्याही शरीरक्रियाविज्ञानाने भरून निघणारे नाही. या मर्यादेचा फेरविचार व्हावयास हवा, असे स्पष्टपणे म्हणणे भाग आहे.

त्यातही वेळेचा खेळ आहे. मैलापाणी मिसळलेल्या, मंद वाहणाऱ्या पाण्यात शेवाळ माजते. दिवसा ते प्रकाशसंश्लेषण करते. पाण्यातील प्राणवायू वाढतो, प्रसंगी संपृक्ततेच्याही वर जातो. त्याच वेळी कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्याने पाणी अधिक अल्कधर्मी बनते. ३० अंश तपमानात पाण्याचा पीएच ७.५ असेल, तर एकूण अमोनियाचा सुमारे २.५ टक्के भाग विषारी मुक्त रूपात असतो, पीएच ८.५ झाला की तोच भाग २० टक्क्यांवर जातो. अर्थात् दुपारी, प्राणवायूचा आकडा सर्वांत देखणा असताना, अमोनियाचा धोका सर्वांत मोठा. रात्री शेवाळासह सर्वच जीव प्राणवायू वापरतात, आणि पहाटे, उजाडण्याच्या थोडे आधी, तो नीचांकावर येतो. कार्बन डायऑक्साइड त्या वेळी शिखरावर असतो. माशास चोवीस तासांत दोन निरनिराळ्या मार्गांनी गुदमरविणारी नदी दुपारच्या एका बाटलीत निरोगी ठरू शकते. महिन्याकाठी दिवसाउजेडी घेतलेल्या नमुन्यावरून नदीची प्रत ठरविण्याची पद्धत या एका मुद्द्यावर सर्वस्वी अपुरी ठरते.

जलपर्णीने हे चित्र आणखी पालटते. उल्हास नदीचे रायते ते मोहने हे पात्र अलीकडच्या काळात कित्येकदा जलपर्णीच्या हिरव्या गालिच्याखाली गेले आहे. तिची पाने प्राणवायू हवेत सोडतात, पाण्यात नव्हे. तिच्या छायेत शेवाळास प्रकाश मिळत नाही. तिच्यामुळे वारा पाण्यास शिवत नाही. आणि तिचे कुजणे खालच्या थरातील प्राणवायू गिळते. कार्टर आणि बीडल यांनी १९३० च्या सुमारास पराग्वेतील दलदलींचे जे निरीक्षण केले, त्यात उष्ण प्रदेशातील वनस्पतींनी झाकलेल्या पाण्याचे हेच स्वरूप आढळले होते. उल्हास ही मात्र दलदल नाही. राजमाचीच्या डोंगराळ भागातून निघून कर्जत-नेरळवरून येणारी, भिवपुरीच्या वीजकेंद्रातून बाहेर पडणारे पाणी घेऊन बारमाही वाहणारी ती नदी आहे. तिचे दलदलीत रूपांतर होण्यास एक भौतिक कारण आहे, आणि ते आहे बंधारे.

ओ'कॉनर व डॉबिन्स यांनी १९५८ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार वाहते पाणी हवेतून प्राणवायू शोषून घेते तो वेग प्रवाहाच्या वेगाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि खोलीच्या दीडाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. तितक्याच रुंदीच्या पात्रात बंधाऱ्यामुळे खोली चौपट झाली, तर वेग चतुर्थांशावर येईल. वर्गमुळाने निम्मी आणि खोलीने अष्टमांश, अशी मिळून ही शोषणक्षमता सोळाव्या हिश्शावर येते. बंधाऱ्यावरून खाली कोसळणारे पाणी फेसाळून पुन्हा हवा घेते हे खरे, पण तो लाभ खालच्या पाण्याचा. वरच्या फुगवट्यातील माशाच्या पदरी त्यातील काही पडत नाही. बदलापूरचा बंधारा आणि मोहन्याचा बंधारा पिण्याच्या व कारखान्यांच्या पाण्यासाठी आवश्यक आहेत, याविषयी वाद नाही. परंतु स्ट्रीटर व फेल्प्स यांनी १९२५ मध्ये ओहायो नदीवरील अभ्यासातून मांडलेला, मैला मिसळल्यानंतर प्राणवायू खाली जातो व काही अंतरावर पुन्हा वर येतो हा वक्र लहान नदीवर लागू करताना हे फुगवटे हिशेबात धरलेच पाहिजेत. शहर आणि बंधारा इतके जवळ जवळ आले की, वक्र वर येण्यास नदीस अंतरच मिळत नाही.

वालधुनीच्या बाबतीत तर हा वक्र खालीच राहतो. काकोळ्याच्या डोंगराळ भागातून निघणारी ही लहानशी नदी शके ९८२ मध्ये, म्हणजे इ. स. १०६० मध्ये, पूर्ण झालेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहते, उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ खाडीस मिळते. पावसाळा सोडता तिच्यात स्वतःचे पाणी थोडे आणि शहरांनी दिलेले अधिक. 'वनशक्ती' या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणासंबंधी २०१५ मध्ये निर्णय दिला, यावरून प्रश्नाचे गांभीर्य कळते.

अशा पाण्यातही मासे आढळतात आणि ते पाहून 'नदी अद्याप मेलेली नाही' असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा कोणते मासे, हा प्रश्न विचारावयास हवा. मरळ, मांगूर, शिंगी हे हवा गिळणारे मासे होत. बी. के. दास यांनी १९२७ मध्ये भारतातील अशा माशांच्या जीवनक्रमाविषयी व त्यांच्या वायुश्वसनाच्या अवयवांच्या घडणीविषयी सविस्तर निबंध लिहिला. पुढे दत्त मुन्शी व ह्यूझ यांचा या विषयावरील ग्रंथ १९९२ मध्ये आला. भारतीय प्राणिशास्त्राने जागतिक शास्त्रात घातलेली ही खरीखुरी भर आहे, आणि आपल्या अभ्यासक्रमांत ट्राउट व डॉगफिश यांना जेवढी पाने मिळतात त्याच्या निम्मीही तिच्या वाट्यास येऊ नयेत, हे खेदजनक आहे. शिंगीच्या कल्ल्यांच्या पोकळीतून शेपटीकडे दोन लांब पिशव्या जातात. मांगुराच्या कल्ल्यांवर झाडासारखे फाटे फुटलेले असतात. मरळ तर पृष्ठभागावर येऊ दिला नाही, तर चांगल्या पाण्यातही बुडून मरतो. प्राणवायूसाठी यांचे व्यवहार हवेशी असतात, पाण्याशी असतात ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड टाकण्यापुरते. किंबहुना पाण्यात प्राणवायू अगदीच नसेल, तर हवेतून मिळविलेला प्राणवायू कल्ल्यांवाटे पाण्यात गळून जाण्याचे भय असते. त्यांचे कल्ले आखूड व विरळ असण्याचा हा एक अर्थ. तेव्हा या माशांची उपस्थिती पाण्याच्या श्वसनयोग्यतेचा पुरावा म्हणून मांडता येत नाही. केवळ तेच उरले असतील, तर ती उलट दिशेची साक्ष आहे. तांबड्या रंगाच्या कायरोनोमस अळ्यांविषयीही हेच म्हणता येईल. त्यांचा तांबडेपणा हीमोग्लोबिनचा असतो, आणि इतर जीव जेथे टिकत नाहीत अशा गाळात तो त्यांच्या उपयोगी पडतो.

आकड्याच्या बाजूनेही दोन शब्द बोलणे न्याय्य ठरेल. विंक्लर याने १८८८ मध्ये दिलेली मापनपद्धती स्वस्त, भरवशाची आणि नदीकाठी करता येण्याजोगी आहे. प्रशासनास व न्यायासनास एखादी निश्चित रेषा हवी असते. चार पदांचे सूत्र घेऊन कोणी कारखान्यास सूचनापत्र धाडू शकत नाही. ४ मिलिग्रॅमच्या खाली पाणी गेले तर ते वाईट, हे विधान बहुधा खरेच ठरेल. दोष आहे तो त्याच्या उलट्या वाचनात. ४ च्या वर आहे म्हणून पाणी चांगले, असे त्या आकड्याने कधी म्हटलेलेच नाही. तसे त्याच्या नावावर खपविले जाते.

शिवाय जगणे आणि संसार करणे यांत फरक आहे. टोरोंटोच्या फ्राय याने १९४७ मध्ये हा विचार नेमकेपणाने मांडला : विश्रांतीत लागणारा प्राणवायू आणि पराकाष्ठेच्या श्रमात मिळू शकणारा प्राणवायू यांतील अंतर म्हणजे प्राण्याच्या हालचालीस उरलेला वाव. पाण्यातील दाब उतरू लागला की विश्रांतीची गरज तशीच राहते. घटतो तो वाव. ठाणे व रायगड जिल्ह्यांत पहिल्या पावसाबरोबर मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढू लागतात, त्यास वलगण म्हणतात. हा चढ म्हणजे वर्षातील सर्वांत मोठे श्रम. नेमक्या त्याच वेळी पहिल्या सरी शहरांच्या नाल्यांतील आठ महिन्यांचा साचलेला गाळ नदीत लोटतात, आणि त्या गाळाची प्राणवायूची भूक नदीच्या पुरवठ्यावर तुटून पडते. वलगणीच्या दिवशी पाण्यात ४ मिलिग्रॅम प्राणवायू असेल, तर मासा मरणार नाही कदाचित. पण तो चढेल का, हे त्या आकड्यावरून कळत नाही, आणि न चढलेल्या माशांची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही.

पदव्युत्तर वर्गांच्या दृष्टीने यात करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यास फारशी साधनसामग्री लागत नाही. पाणी घेतेवेळचे तपमान नोंदवून मिलिग्रॅमचे रूपांतर दाबात करणे हे पहिले. नमुना दुपारप्रमाणे पहाटेही, सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, घेणे हे दुसरे; त्यासोबत पीएच व एकूण अमोनिया मोजला की मुक्त अमोनिया गणिताने निघतो. बंधाऱ्याच्या फुगवट्यात पृष्ठभागाचे व तळाचे पाणी वेगवेगळे तपासावे. आणि शेवटी ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो त्या माशासही विचारावे. प्रच्छदाची मिनिटागणिक उघडझाप घड्याळ लावून मोजता येते. पाण्यातील दाब उतरला, पटल श्लेष्म्याने झाकले गेले, अमोनिया वा कार्बन डायऑक्साइड साचला, यांपैकी काहीही घडले तरी सर्वसाधारणपणे या गतीत व तिच्या खोलीत फरक पडतो. काकोळे तलावाच्या पाण्यात ठेवलेला कार्प कुळातील एक लहान मासा आणि रायत्याच्या पुलाखालून पहाटे आणलेल्या, तितक्याच तपमानाच्या व तितक्याच प्राणवायूच्या पाण्यात ठेवलेला त्याच आकाराचा दुसरा मासा यांच्या प्रच्छदगतीतील तफावत ही सूत्रातील न मोजलेल्या पदांची बेरीज होय.